खाते नंबर ०१२

लातूर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. तुझ्या पीएचपी भाषेतल्या प्रोग्राममध्ये यादीतली सगळी नावं सापडतात, पहिलंच तेवढं सापडत नाही. रेंज तुटत होती, म्हणून आता लिहून सांगतो.

ऍरे_सर्च, म्हणजे ऍरेत (यादीत) शोधणारं फंक्शन, 'आहे' की 'नाही' हे सांगत नाही, जागा सांगतं. पहिली जागा शून्य, आणि नुसत्या इफच्या अटीत पीएचपी शून्याला 'नाही' धरतं. म्हणजे नाव सापडलेलं असतं, तुझी अटच त्याला दारातून परत पाठवते. नाव नसेल तरच ते फॉल्स ('नाही') देतं, म्हणून उत्तर !== फॉल्स असं तपास. बरोबरीची चिन्हं दोन हवीत, एकानं काम होत नाही.

ही चूक निदान लगेच दिसते. मोंढ्यातल्या आडतीसाठी मी प्रोग्राम लिहिला, त्यातली दिसली नाही. जुन्या खतावणीतले नंबर शून्यानं सुरू व्हायचे, नव्या वहीतले नुसते. ०१२ एका शेतकऱ्याचं खातं, १२ दुसऱ्याचं. दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे आकडे नव्हे तर नुसता मजकूर, म्हणून मी निर्धास्त. पण दोन स्ट्रिंग आकड्यांसारख्या दिसल्या की == हे बरोबरी तपासायचं चिन्ह त्यांना आकडे समजूनच ताडतं. ऍरे_सर्चही आतून तेच करतं आणि आधी दिसेल त्याची जागा देऊन मोकळं होतं. औशाकडच्या एका म्हाताऱ्यानं बियाण्यासाठी राखलेली तूर विकली आणि विक्रीची पट्टी चढली दुसऱ्याच्याच खात्यावर. दोनदा एसटीनं आला बिचारा, दुकानाच्या पायरीवर बसून राहिला, तोंडातून वावगा शब्द नाही. पैसे मिळाले, पण पेरणी आठ दिवस लांबली. ते मला अजून सलतं.

२०२० मध्ये पीएचपी ८ आलं. शून्य आणि 'तूर' हा शब्द समान मानायची जुनी खोड त्यात गेली. मला वाटलं, आपलंही दुखणं गेलं. गेलं नव्हतं. ०१२ आणि १२ आजही जुळतात.

ऍरे_सर्चला कंसात तिसरा पॅरामीटर ट्रू ('हो') दे, मग प्रकारासकट जुळलं तरच उत्तर येतं. त्यानंतर कधी काहीच सापडेनासं होईल, कारण फॉर्ममधून आलेलं १२ स्ट्रिंग असतं आणि यादीत तू पूर्णांक ठेवलेला असशील. तेव्हा घाबरून ट्रू काढू नकोस, माय. व्हार_डम्पनं दोन्ही बाजू बघ, ते प्रकारही दाखवतं. इको नुसती किंमत छापतं, त्यानं बघशील तर दोन्ही सारखेच दिसतील. खाते नंबर, पिनकोड, मोबाईल, ज्यांची कधी बेरीज करत नाही ते स्ट्रिंगच ठेव. पण त्यांना ऍरेची 'की' (जागेचं नाव) करू नकोस. 'की' म्हणून '१२' दिलं तर त्याचा पूर्णांक होतो, '०१२' मात्र स्ट्रिंगच राहतं. त्यात माझे दोन दिवस गेले.

दुरुस्त करून मला पाठव. पहिलं नाव, शेवटचं नाव आणि यादीत नसलेलं एक, तिन्ही शोधून बघ आधी. उद्याच्या गाडीनं आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, स्टँडवर वेळेत जा.

तुझा,
बाबा