निघून गेलेल्या संघांच्या खेळाडूंची वाटणी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पाटाकडील-दिलबहारची लढत डोळ्यांसमोर येते. मी ज्या लीगबद्दल लिहितेय ती कॉम्प्युटरवर खेळली जाते. संघ आम्ही बांधायचा, खेळाडूंचे करार आम्ही करायचे, डावपेच आम्ही ठरवायचे आणि दर रविवारी रात्री साडेनऊला कॉम्प्युटर सामन्यांचे निकाल लावतो. बारा जण, बारा संघ, प्रत्येकाकडे 22 खेळाडू. तीन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. त्याचा संघ मोडायला नको म्हणून मी तो घेतला आणि तेव्हापासून लीगची वहीही मीच लिहिते. प्रत्येक निकाल, प्रत्येक अदलाबदल त्या वहीत आहे.

या हंगामात चौदाव्या फेरीनंतर दोघांनी लीग सोडली. गडहिंग्लजच्या मुलाला रात्रपाळीची नोकरी लागली, इचलकरंजीच्या मुलाची परीक्षा आली. दोघांचीही कारणं खरी होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्या मागे जे झालं, ते चुकीचं झालं. रात्री पावणेबाराला ग्रुपवर संदेश आला: दोन्ही संघ बंद, 44 खेळाडू मोकळे, जो आधी मागेल त्याला मिळेल. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, त्यामुळे मी दहालाच झोपते. साडेपाचला फोन पाहिला तेव्हा गोलकीपर गेला होता, दोन्ही स्ट्रायकर गेले होते. पहिल्या क्रमांकाच्या संघाने एकट्याने चार खेळाडू उचलले होते. माझा संघ नववा. गुणतक्त्यात खालून वर अशी साधी निवड झाली असती, तर उरलेल्या दहांत माझा तिसरा नंबर लागला असता.

यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. हंगामाच्या सुरुवातीला मी माझा अनुभवी सेंटर बॅक (बचावफळीतला मधला खेळाडू) इचलकरंजीच्या संघाला दिला होता आणि बदल्यात त्यांचा पुढच्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघांनी क्रमाने खेळाडू निवडायच्या बैठकीतला, पहिल्या फेरीचा नंबर घेतला होता. हा व्यवहार सगळ्यांसमोर झाला, वहीत तारखेसकट आहे. तो संघ सोडून गेला तेव्हा अकरावा होता, म्हणजे तो नंबर दुसरा आला असता. आता मला सांगितलं जातं की संघच नाही, तर त्याचा नंबर कुठला? आणि माझा सेंटर बॅक त्या 44 जणांत मोकळा झाला, तोही दुसऱ्यानेच नेला. माझ्या हातात काहीच उरलं नाही.

घर सोडून जाणारा कुणाचे पैसे देणं लागत असेल, तर ते घराबरोबर नाहीसं होतं का? माझ्या मते असा नंबर ज्याच्याकडे असेल, त्याला दोनपैकी एक निवडायचा हक्क हवा. एक तर वाटणी सुरू होण्याआधी आपला दिलेला खेळाडू परत घ्यावा, नाहीतर तो संघ गेला त्या दिवशी ज्या जागी होता त्या जागेचा नंबर आपल्याकडे ठेवावा. मागचे सगळे एकेक नंबर खाली सरकतात, हा आक्षेप मी ऐकला आहे. पण संघ टिकला असता तरी ती निवड मीच केली असती आणि ते एक नंबर मागेच राहिले असते. त्यांचं नवीन काहीच जात नाही.

दुसरं, हंगामाच्या मध्यात वाटणी होताच कामा नये. बारा संघांची दुहेरी फेरी 22 सामन्यांची. चौदाव्या फेरीपर्यंत काही जण इचलकरंजीशी दोनदा खेळून सहा गुण घेऊन बसलेत, काही जण एकदाच खेळलेत. उरलेले सामने रद्द केले की गुणतक्ता वाकडा होतो, आणि मग त्याच वाकड्या तक्त्यावरून निवडीचा क्रम लावायचा? सोडलेले संघ हंगाम संपेपर्यंत कॉम्प्युटरने चालवावेत, त्यांच्या खेळाडूंना कुलूप लावावं. तेवढ्या वेळात नवा माणूस शोधता येतो. मी स्वतः अशीच आले, आणि मला पूर्ण संघ मिळाला म्हणूनच टिकले.

निवडीचा क्रम मात्र सोडून जाण्याची बातमी फुटण्याआधीच्या तक्त्यावरून लावावा, नाहीतर शेवटच्या आठ फेऱ्यांत मुद्दाम हरायचा मोह होईल. निवडीच्या पहिल्या फेरीत तळाचा संघ आधी, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. खेळाडू घेतला की त्याचा करार पूर्ण रकमेसकट घ्यायचा आणि 22 च्या वर जात असाल तर आपला एक सोडायचा. सोडण्याआधीच्या दोन आठवड्यांतल्या अदलाबदलीही तपासाव्यात. गडहिंग्लजच्या संघाने जायच्या चार दिवस आधी एकोणीस वर्षांचा मधल्या फळीतला उत्तम मुलगा दोन राखीव खेळाडूंच्या बदल्यात एका मित्राला दिला. त्यात लबाडी होती असं मी म्हणत नाही, पण तो व्यवहार कुणी पाहिलाही नाही.

हे प्रश्न खऱ्या खेळातही आलेले आहेत. अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरने जानेवारी 2002 मध्ये फ्लोरिडातले मायामी फ्यूजन आणि टॅम्पा बे म्युटिनी हे संघ बंद केले. तिथेही बाराचे दहाच झाले. मायामी 2001 च्या तक्त्यात सर्वांत वर होता आणि टॅम्पा बे तळाशी. त्यांचे खेळाडू बाकीच्या संघांनी ड्राफ्ट करून घेतले, रात्री जागा असलेल्याला मिळाले नाहीत. आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना आठवेल. आयपीएल क्रिकेटमधून चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर गेले तेव्हा डिसेंबर 2015 मध्ये पुणे आणि गुजरात या नव्या संघांनी त्यांच्या खेळाडूंतून पाच-पाच जण आळीपाळीने निवडले. पहिल्या निवडीला 12.5 कोटी, पाचव्या निवडीला 4 कोटी, हे आधी ठरलेलं होतं. पुण्याची पहिली निवड होती, त्यांनी धोनीला घेतलं, गुजरातने रैनाला. कुणाला कोण मिळालं यावर लोक वाद घालत राहिले, पण पहिला नंबर पुण्याला का, असं कुणाला विचारावं लागलं नाही. तो नव्या संघांच्या लिलावातच ठरला होता.

आपल्या दैनिकाला हे लिहिण्याचं कारण एवढंच की अशा लीग आता कॉलेजच्या हॉस्टेलांत, ऑफिसांत बऱ्याच चालतात. या मुलांनी रात्री जागून संघ बांधलेले असतात. आमच्या ग्रुपमधली दोन मुलं शाळेपासूनची मित्र आहेत, या प्रकारानंतर ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्याचं मला सेंटर बॅकपेक्षा जास्त वाईट वाटतं. दोघांच्याही आया मला बाजारात भेटतात आणि काय झालं म्हणून विचारतात.

आमचा पुढचा ड्राफ्ट दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. त्याआधी वर लिहिलेले नियम वहीच्या पहिल्या पानावर उतरवून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, असं मी संयोजकांना कळवलं आहे. दहापैकी सहा जणांचा होकार आला आहे. उरलेल्या चौघांत पहिल्या क्रमांकाचा संघ आहे. त्याच्याशी मी येत्या रविवारी सामने सुरू होण्याआधी बोलणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर