स्पिअरगन घेण्याआधी

सांगली,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय दिग्या,

तुझं पत्र मिळालं, फोटोही बघितले. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला जाऊन स्थिरस्थावर होतोस न होतोस तोच स्कूबाचा कोर्स पुरा केलास, फार बरं वाटलं. सरकारी घाटावरून कृष्णेत पहिली उडी तुझीच असायची, तेव्हा हे व्हायचंच होतं. पण शेवटी तू सहज लिहून गेलास की आता ती भाला सोडणारी स्पिअरगन घेतोय, शनिवार-रविवार बोटीवरच्या मंडळींबरोबर मासे मारायला जाणार. ते वाचल्यापासून चैन नाही. इथे मिरजेत रात्रपाळीला सर्पदंशाचे पेशंट बघतो, त्यामुळे विषाचा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. पुरतं वाच.

स्कूबा करताना तू बघायला गेलेला असतोस, हात आखडून. गन हातात आली की तोच माणूस कपारीत हात घालतो, जखमी माशामागे खडकाखाली शिरतो, तळाला टेकून दबा धरतो आणि रक्ताळलेला मासा अंगाशी बाळगतो. मला धास्ती आहे ती या चार गोष्टींची. क्वीन्सलँडमध्ये टाकी पाठीवर घेऊन भाल्याने मासे मारायला बंदी आहे, म्हणजे तू हे सगळं छातीत धरलेल्या एका श्वासावर करणार. मासा हातचा जाऊ नये म्हणून आणखी थोडं खाली थांबण्याचा मोह होईल. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊन दम वाढवू नकोस. त्याने शरीराची धोक्याची घंटाच बंद पडते आणि माणूस वर येता येता बेशुद्ध होतो.

तू लिहिलंयस, भीती फक्त शार्कची वाटते. रॉडनी फॉक्सची गोष्ट तिकडे तुला कोणीही सांगेल. डिसेंबर १९६३, दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऍल्डिंगा किनारा, भाल्याने मासे मारायची स्पर्धा चाललेली. ग्रेट व्हाइटने त्याला छातीशी धरलं. तो त्यातून सुटला, तर शार्कने मासे अडकवलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटलाच तोंड घातलं आणि दोरीबरोबर हाही पुन्हा खाली ओढला गेला. दोरी तुटली म्हणून वर आला. ४६२ टाके पडले. पुढे याच माणसाने शार्क बघण्यासाठी पिंजरा बनवला आणि आयुष्यभर शार्कच्या बाजूने बोलत राहिला. मला यात दोरी महत्त्वाची वाटते. मारलेला मासा कमरेला लावायचा नाही, सरळ बोटीत टाकायचा. फ्लोटची दोरी झटक्यात सोडता आली पाहिजे. शार्क माशासाठी आला तर मासा देऊन टाक. त्याच्याकडे पाठ करू नकोस, तोंड त्याच्याकडे ठेवून बोटीकडे सरक.

पण दिग्या, शार्क दिसतो तरी. स्टोनफिश दिसत नाही. शेवाळलेल्या दगडासारखा तळाशी पडून असतो, पाठीवर तेरा काटे आणि प्रत्येकाला विषाच्या पिशव्या. त्याला काही करायचंच नसतं. आपण हात टेकतो, पाय देतो. वेदना इतकी की धट्टाकट्टा माणूस ओरडत सुटतो. अशा वेळी लोक बर्फ शोधतात. बर्फ नको, गरम पाणी. पंचेचाळीस अंशांच्या आसपास, सोसेल इतपत. आधी न दुखलेल्या हाताने अंदाज घ्यायचा, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. अर्धा ते दीड तास पाय त्यात ठेवायचा. ते विष उष्णतेने निकामी होतं. लायनफिश आणि पाकट (स्टिंगरे) यांच्या काट्यालाही हाच उपाय. मात्र पाकटाचा काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो उपसायचा नाही. स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ ला तुझ्याच राज्यात, बॅट रीफवर, पाकटाचा काटा छातीत घुसून गेला. जनावरांत उभा जन्म काढलेला माणूस. पाकटाच्या वरून पोहू नकोस, त्याची पळायची वाट अडवू नकोस. बोटीवर मोठा थर्मास भरून ने. चहाचा वेगळा.

आता पट्टी. इथे आम्ही रोज कानीकपाळी ओरडतो की साप चावला तर करकचून दोरी बांधू नका. आमच्याकडे घोणस आणि फुरसंही असतं, त्यांच्या दंशात बांधलेल्या दोरीने पाय सडतो. तुझ्याकडे गोष्ट निराळी. समुद्री साप, ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस आणि शंकूच्या आकाराचा तो सुंदर कोन शंख, या तिघांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. तिथे रुंद इलॅस्टिक बँडेज बोटांपासून वरपर्यंत, मुरगळल्यावर बांधतो तितकं घट्ट, अख्ख्या हातापायाला गुंडाळायचं आणि तो अवयव अजिबात हलू द्यायचा नाही. ऑक्टोपस तळहातात मावेल एवढासा, चावलेलं कळतही नाही. श्वास थांबतो, पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. त्याला उतारा नाही. मात्र विष ओसरेपर्यंत कोणी श्वास देत राहिलं तर तो माणूस जगतो, हे विसरू नकोस. आणि रिकामा दिसला तरी कोन शंख उचलून खिशात टाकू नकोस. पोरांसाठी शिंपले न्यायची तुझी सवय मला माहीत आहे.

समुद्री सापाबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ऑलिव्ह सी स्नेकचे नर विणीच्या काळात डायव्हरला मादी समजून मागे येतात, अंगाभोवती घुटमळतात, जीभ लावून बघतात. मादी नाही असं कळलं की निघून जातात. लाथ मारली, पळालं, तर पाठलाग वाढतो. काल बत्तीस शिराळ्याच्या गप्पा निघाल्या होत्या, तेव्हा हेच मनात आलं. साप अंगाशी आला तरी हलू नकोस.

टायटन ट्रिगरफिशचं मात्र उलट आहे. घरट्यावर असला की चावायला धावतो आणि त्याची हद्द घरट्यापासून वर फाकत जाते. घाबरून वर गेलास तर त्याच्याच हद्दीत राहतोस. आडवा निघून जा. टाकी पाठीवर असताना तर कोणत्याही कारणाने श्वास रोखून झपकन वर येऊ नकोस. दहा मीटरवरची फुप्फुसातली हवा पृष्ठभागावर दुप्पट होते. माशाचा चावा शिवता येतो, फाटलेल्या फुप्फुसाची गोष्ट फार अवघड असते.

जेलीफिशचं तिथे तुला सांगितलंच असेल. नोव्हेंबर ते मे पूर्ण अंगाचा सूट घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. बॉक्स जेलीफिश काही मिनिटांत हृदय बंद पाडू शकते; व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओतायचं, श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला घ्यायची. इरुकांजी नावाची जेलीफिश तर नखाएवढी. डंख किरकोळ वाटतो आणि अर्ध्या तासाने पाठ, पोट, उलट्या, रक्तदाब. ती कोण हे शोधायला केर्न्सच्या डॉक्टर जॅक बार्न्सनी १९६१ मध्ये स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला मुद्दाम डंख करवून घेतला. तिघंही दवाखान्यात गेले, वाचले. डॉक्टर म्हणून मला त्या माणसाचा आदर वाटतो. बाप म्हणून मी ते पोराला करू दिलं नसतं.

आणि मगरी. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगर काठावर ऊन खात पडलेली बघत आपण वाढलो, म्हणून तुला ती ओळखीची वाटेल. तुझ्याकडची जात वेगळी, खाऱ्या पाण्यातली, कितीतरी मोठी आणि माणसाला भक्ष्य मानणारी. खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात उतरूच नकोस.

सुरमई मारलीस तर आधी तिथल्या जुन्या कोळ्यांना विचार, कुठल्या भागातली मोठी सुरमई खात नाहीत. रत्नागिरीहून आपल्याकडे येते तीच ही, पण तिकडच्या रीफवर काही मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. थंड वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागायला लागली तर समजायचं. रेड बास आणि चायनामन फिश तर धरायलाही मनाई आहे, त्याचं कारण हेच. वहिनी आणि पोरं तुझ्याच हातचा मासा खाणार, एवढं ध्यानात ठेव.

माझं मत विचारशील तर हे वर्ष गन घेऊ नकोस. नुसता बघत हिंड, तिथले मासे, त्यांच्या जागा ओळखीच्या होऊ देत. तुला पटणार नाही, तू घेशीलच. मग घेण्याआधी एवढं कर: बोटीवर व्हिनेगर, थर्मास आणि तीन-चार रुंद बँडेज आहेत का, ते स्वतः उघडून बघ. आणि तुझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी कोणाकोणाला छाती दाबता येते, तोंडाने श्वास देता येतो, हे पुढच्या पत्रात मला नावानिशी कळव. काकूंना यातलं मी काही बोललेलो नाही.

तुझा,
सुहास