बाबा, खालची बाग खंडाने देऊ नका

गुहागर,
पौष शुद्ध द्वितीया, रात्री

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आजचं काम दुपारीच आटोपलं. सगळे जेवून झोपलेत, मी खोलीबाहेर ओसरीवर बसून लिहितेय. फोनवर बाबा दोन वाक्यांत विषय मिटवतात, म्हणून पत्रच बरं.

आईकडून कळलं की खालची तीस कलमं पाच वर्षांच्या खंडाने द्यायचं चाललंय आणि आलेले पैसे मला नव्या कॅमेऱ्यासाठी द्यायचेत. बाबा, ते करू नका. यंदा मोहोर चांगला आहे, तुडतुड्यावर पहिली फवारणी तुम्ही वेळेत केलीत, आणि ती कलमं आजोबांनी लावलेली आहेत. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मला कॅमेऱ्याची गरजच नाही. चार वर्षं मी दुसऱ्या फोटोग्राफरांची असिस्टंट होते, पाच वर्षं झाली स्वतःचं काम करतेय. एवढ्या काळात जाहिरात एजन्सीतल्या एकाही माणसाने मला ‘तुझा कॅमेरा कुठला’ असं विचारलेलं नाही. मोठं काम आलं की कॅमेरा, लेन्स, लाइट, स्टँड सगळं मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळतं. ते भाडं एस्टिमेटमध्ये वेगळं लावायचं असतं आणि क्लायंट ते भरतो.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतंत, ‘फोटो चांगले आहेत तर काम मागत का हिंडावं लागतं?’ तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही आणि मी उठून मागच्या दारी गेले. ते उत्तर आज देते.

एजन्सीत फोटोग्राफर निवडतो तो आर्ट डायरेक्टर. जाहिरातीची कल्पना त्याची असते, कच्चं चित्र त्यानेच काढलेलं असतं. काही मोठ्या एजन्सींमध्ये फोटोग्राफर शोधायला आणि दर ठरवायला आर्ट बायर किंवा प्रोड्यूसर नावाचा वेगळा माणूस असतो, बहुतेक ठिकाणी नसतो. या लोकांच्या टेबलावर रोज कुणाकुणाचे मेल येऊन पडतात. ‘सर, काम असेल तर कळवा’ असा मेल कुणी उघडूनही बघत नाही. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा लिहिते, तेही ज्यांचं काम मला मनापासून आवडतं अशा मोजक्या लोकांना, आणि सोबत तीनच फोटो पाठवते. पोर्टफोलिओत पूर्वी दीडशे फोटो होते, आता चोवीस आहेत. लग्नाचे, दागिन्यांचे, हॉटेलच्या ताटांचे सगळे काढून टाकले. काढताना जिवावर आलं, कारण त्यातल्या बऱ्याच कामांनी माझं घरभाडं भरलं होतं. पण सगळंच करणारी मुलगी कुठल्याच कामाच्या वेळी आठवत नाही. आता माझं नाव निघतं ते घरातल्या माणसांच्या आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या फोटोंसाठी. आई, तू आढीतले आंबे चाचपून वेगळे करतेस तो फोटो त्या चोवीसात पहिला आहे.

आई, तुला गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे आवडतात ना? तेही आधी लिंटास या जाहिरात एजन्सीच्या फोटो विभागात होते, १९७४ पासून. एजन्सी आतून बघितलेल्या माणसाला समोरच्याची अडचण कळते. मला ती असिस्टंट असताना, कोपऱ्यात रिफ्लेक्टर धरून उभं राहिल्यावर कळली. आर्ट डायरेक्टरला चांगला फोटो तर हवाच असतो, पण त्याहून त्याला भीती असते ती क्लायंटसमोर तोंडघशी पडायची. शूटच्या दिवशी वीस माणसं किनाऱ्यावर उभी आहेत आणि काम होत नाही, याची.

आता इथलं सांगते. काम चहाच्या कंपनीचं आहे. कल्पना अशी की पहाटे होडी लागलीय, घरची बाई किटली घेऊन आलीय, ओल्या वाळूत सगळे उभ्याने चहा पितात. एजन्सीने नेहमीप्रमाणे तिघांकडून कोटेशन मागवलं. दरासोबत ट्रीटमेंट द्यावी लागते, म्हणजे हा फोटो मी कसा बघते, उजेड कुठला, माणसं कोण, कुठे आणि कधी काढणार, हे सगळं लिहून. त्याचे पैसे मिळत नाहीत. बाकी दोघं माझ्यापेक्षा खूप नावाजलेले होते.

त्यांच्या कच्च्या चित्रात मागे समुद्रातून सूर्य उगवत होता. आपल्याकडे समुद्रात सूर्य मावळतो, उगवतो तो डोंगरामागून! पहिल्याच फोनवर मी ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आर्ट डायरेक्टर म्हणाली, ‘मग काय करायचं?’ बाबा, तिथेच काम हातात आलं असं मला वाटतं. मी म्हटलं, सूर्य दाखवूच नका. सूर्य डोंगराच्या वर यायच्या आधी किनाऱ्यावर सावलीतला मऊ उजेड असतो, वाफ दिसते, चेहरे डोळे न मिचकावता कॅमेऱ्यासमोर राहतात. ऊन आधी लांब पाण्यावर पडतं, किनाऱ्यावर नंतर येतं. तेवढा अर्धा-पाऊण तास आपला.

शिवाय त्यांनी ठरवलेली तारीख अष्टमीची निघाली. लहानपणी जेटीवर तुम्ही शिकवलेलं मी विसरले नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन पहाटे पाणी वर. मला हवी होती ओहोटी, आणि तीही लांब गेलेली. म्हणून अमावस्येनंतरची प्रतिपदा आणि द्वितीया सुचवली. भरती मध्यरात्रीनंतर एक-दीडच्या सुमारास, ओहोटी सात-साडेसातला, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे. ओली वाळू आरशासारखी. भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून बघितलं तर थोड्या मिनिटांचा फरक होता. ट्रीटमेंट सहा पानांची झाली. त्यात हे सगळं लिहिलं, मेरीटाइम बोर्ड, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याच्या परवानग्या कोण आणणार तेही लिहिलं, आणि मॉडेल मुंबईहून न आणता इथल्याच घरांतली माणसं घेऊ, त्यांना दिवसाचे ठरलेले पैसे देऊ आणि संमतीचा कागद मराठीत करू, असंही लिहिलं.

माझा दर तिघांत सगळ्यात कमी नव्हता. मधला होता. आई, तू म्हणतेस ना, ‘गो बाय, थोडा कमी सांगलंस तर काम गावात’? कमी सांगून मिळालेलं काम पुढच्या वेळी त्याच दरात मागतात, आणि एस्टिमेट फारच खाली दिसलं की हिने परवानग्यांचे पैसे धरलेच नाहीत अशी शंका त्यांना येते.

काल पहाटे आसगोलीच्या एका आजीने आपली किटली आणली. स्टायलिस्टने आणलेली चकचकीत किटली आम्ही पिशवीतच ठेवली. आजीचा हात किटलीवर होता आणि पहिला उजेड मागे पाण्यावर पडला, तो फोटो मिळाला. मागे क्लायंटची माणसं लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती, कुणी काही बोलेना. मला रडू येत होतं. तुम्ही दोघं तिथे हवी होतात.

आता खंडाचं. माझ्या धंद्यातही खंडच असतो, बाबा. तुम्ही बाग देता तेव्हा कलमं तुमची राहतात, पाच हंगामांची फळं त्याची. तसंच फोटो माझा, वापर त्यांचा, किती वर्षं, कुठे आणि कशावर हे लिहून. छापील जाहिरात वेगळी, होर्डिंग वेगळं, भारताबाहेर वेगळं, त्याप्रमाणे पैसे. पण आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा असा आहे की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि उलट काही लिहिलेलं नसलं, तर पहिला मालक पैसे देणारा. हे मी अनुभवाने शिकले. तिसऱ्या वर्षी एका कामाचा फोटो सहा महिन्यांसाठी म्हणून तोंडी ठरला होता. दोन वर्षांनी तो मला हायवेवर होर्डिंगवर दिसला. फोन केला तर म्हणाले, कागद दाखवा. कागद नव्हता. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण त्याच आठवड्यात वाशीच्या दलालाची आंब्याच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन तुम्ही गप्प बसला होतात. आता कागदावर सही झाल्याशिवाय मी बॅगसुद्धा भरत नाही.

पैसे उशिरा येतात हे खरं. खर्चाचा निम्मा भाग आधी घेते, उरलेले दोन-तीन महिन्यांनी. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून घेतलीय, तिच्यामुळे ४५ दिवसांच्या आत पैसे मागण्याचा हक्क कायद्याने मिळतो आणि बिलावर तो नंबर बघून अकाउंट्सवाले थोडे लवकर हलतात. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा मी दमलेली वाटते. फोनवर तुम्हाला तेच ऐकू येतं आणि तुम्ही विकायला-द्यायला काहीतरी शोधू लागता. मला तेव्हा पैसे नको असतात. तेव्हा मला घरी येऊन माजघरात चार दिवस फोटो काढायचे असतात, पुढच्या वर्षीची कामं त्यांतूनच येतात. माझी आढी तीच आहे.

खालच्या बागेसाठी त्या माणसाने इसार दिला असेल तर उद्याच परत करा. मुलगी नको म्हणाली असं सरळ सांगा, माझं नाव पुढे केलंत तरी चालेल. शनिवारी सकाळी चिपळूणहून एसटीने निघते, नांदगाव तिठ्यावर उतरून पुढची गाडी घेईन. बाबा, स्कूटर घेऊन तिठ्यापर्यंत येऊ नका, पाठ दुखतेय ना. आई, त्या किटलीवाल्या आजीला मी कबूल केलंय की तुझ्या हातची आंबापोळी पाठवीन, दोन वड्या बाजूला ठेव.

तुमची,
बाय