घोड्यालाही अल्सर होतो

संपादक महोदय,
माझी मुलगी घोडबंदर रोडजवळ रायडिंग शिकते, तिचा आवडता घोडा महिनाभर दाणा अर्धवट टाकायचा, खोगिराचा पट्टा आवळला की चावायला यायचा, सगळे म्हणायचे नखरे करतोय, शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर पोटात अल्सर! घोड्याच्या पोटात अ‍ॅसिड २४ तास बनत असतं पण ते सौम्य करणारी लाळ सुटते ती चघळतानाच, म्हणून ६ तासांहून जास्त उपाशी राहिला की धोका वाढतो, त्यात वर भरपूर दाणा आणि दिवसभर तबेल्यात कोंडणं. रिकाम्या पोटी पळवलं तर अ‍ॅसिड पोटाच्या वरच्या नाजूक भागावर उडतं. क्लबवाल्यांनो, प्लीज राइडच्या अर्धा तास आधी थोडं सुकं गवत द्या ना.
– एक पालक, ठाणे पश्चिम