बालवाडीला माती हवी, पेव्हर ब्लॉक नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सरीच्या प्रवेशाचे दिवस आले की पालक फी विचारतात, व्हॅनची चौकशी करतात, सीसीटीव्ही आहे ना ते बघून घेतात. मुले रोज किती वेळ बाहेर खेळतात, हे क्वचितच कोणी विचारते. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले आणि पाड्यावरची मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. आज शहरातल्या कितीतरी नर्सऱ्या सदनिकांत भरतात. शिक्षणहक्क कायदा शाळेला क्रीडांगण हवे म्हणतो खरा, पण तो 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी. धावल्यावाचून ज्यांना राहवत नाही ती तीन ते सहा वर्षांची मुले त्यात बसतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल हवी आणि त्यातली किमान 60 मिनिटे धाप लागेल अशी. ही साठ मिनिटे घरात भरत नाहीत. खालच्या मजल्यावरचे वर येतात. डोळ्यांचे कारण तर वेगळेच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे जास्त बाहेर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, तर नेहमीच्या वेळापत्रकातल्या 39.5 टक्के मुलांना. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. फरक उजेडाचा: वर्गात तो साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. भर उन्हात उभे राहण्याची गरजच नाही.

आता ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्याविषयी. तीस मुले, एक घसरगुंडी, आणि बाई रांग लावतात. प्रत्येकाचे चढणे-घसरणे वीस सेकंदांचे धरले तर पुन्हा नंबर लागायला दहा मिनिटे जातात. अर्ध्या तासात मूल तीनदा घसरते, म्हणजे एक मिनिट हालते आणि एकोणतीस मिनिटे रांगेत ढकलाढकली करते. मग बाई म्हणतात, बाहेर नेले की मुले भांडतात! गटाचे तीन भाग करावेत: एक घसरगुंडीपाशी, एक वाळूत, एक मोकळ्या जागेत टायर, बादल्या आणि गोणपाटे घेऊन. जुने टायर फुकटही मिळतात. फक्त तार बाहेर आलेला टायर घेऊ नये, आणि पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून त्याला खालून चार भोके पाडावीत.

सोसायट्यांच्या आणि नगरपालिकांच्या बागांत खरा घोटाळा जमिनीचा असतो. घसरगुंडी नवी कोरी आणि खाली पेव्हर ब्लॉक. त्यावर इंचभर जाडीची रबरी चटई चिकटवली की काम झाले असे समजतात. दीड मीटरवरून पडणाऱ्या डोक्याला ती पुरत नाही, शिवाय दुपारी तापते ती वेगळीच. वाळू स्वस्त आणि चांगली. दोन बाय दोन मीटरचा, 45 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. तळाला 15 सेंटिमीटर खडी, त्यावर शेडनेटची घडी, वर 30 सेंटिमीटर धुऊन चाळलेली, गोल कणांची वाळू. अर्धा ब्रासही (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, टाकू नये. तिचे कण टोकदार असतात, भुकटी उडते आणि ओली झाली की घट्ट बसते. हा हौद खेळायचा. घसरगुंडी आणि झोक्याखाली वाळू पसरायची तर खोली तेवढीच ठेवून खेळण्याच्या कडेपासून चहूबाजूंना 1.8 मीटर न्यावी. झोक्याच्या पुढे-मागे त्याहून जास्त. झोक्याखाली आठवड्यात खड्डा पडतो, तो दाताळ्याने ओढून भरावा लागतो. रात्री ताडपत्री हवीच. नाहीतर कुत्र्या-मांजरांची सोय होते आणि मुलांना जंत.

कठडे आणि शिड्यांच्या फटी टेपने मोजाव्यात. 9 ते 23 सेंटिमीटरची फट धोक्याची, कारण पाय आधी घातलेले मूल धडासकट आत जाते आणि डोके अडकते. मुले खेळायला निघाली की ओळखपत्राची दोरी आणि पाण्याच्या बाटलीचा पट्टा आधी गळ्यातून काढून ठेवावा. घसरताना तो वर खिळ्यात अडकला तर फास बसतो. आजी-आजोबांना एक विनंती, नातवाला मांडीवर घेऊन घसरू नका. मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचे वजन खाली जात राहते, आणि नडगीचे हाड मोडते. एकटे मूल पाय अडकला की थांबते. पत्र्याची घसरगुंडी असेल तर आधी हाताची पालथी बाजू टेकवून बघा. पाच सेकंद ठेववत नसेल तर ती संध्याकाळपर्यंत बंद.

खेळही वयाकडे बघून निवडावेत. लंगडी तिसऱ्या वर्षी लादली जाते, पण एका पायावर उड्या मारणे बहुतेकांना चौथ्याच्या आसपास जमू लागते. त्याआधी तळ्यात-मळ्यात आणि दगड का माती. लगोरी पाचव्या वर्षी, तीही फडक्याच्या चेंडूने. लिहिण्याची घाई असलेल्या पालकांनी मुलाला लोंबकळू द्यावे, चढू द्यावे, ओली वाळू उपसू द्यावी. खांदा आणि मनगट भक्कम झाल्याशिवाय बोटांत पेन्सिल स्थिर राहत नाही.

बालवाडी तीन तासांची असेल तर सलग 45 मिनिटे बाहेर, तीही सुरुवातीला. शेवटी ठेवलेला खेळ व्हॅन आली की बुडतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये ही वेळ साडेआठच्या आत बसवावी. पावसाळ्यात रिमझिमीला घाबरू नये, जादा कपड्यांचा एक जोड दप्तरात असला की झाले. विजा चमकत असतील तेव्हा मात्र आत. शेवाळलेला कोबा तेवढा खराट्याने घासून घ्या, जुलैत मुले पडतात ती त्याच्यावरच.

आपल्या,
बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या तिघीजणी, पुणे