पेंटरला आधी थांबव

कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

फोटो बघितले. माजघरातले पोपडे, खाली पांढरा खार, आणि पेंटर म्हणतोय वॉटरप्रूफ कोट मारतो, पाच वर्षं बघायला नको. थांबव मर्दा त्याला. ॲडव्हान्स दिला असशील तर दुसरी खोली रंगवून घे, त्या भिंतीला हात लावू देऊ नको.

आणि तू भिंतीच्या ओलीचं सगळं खापर पुरावर फोडतोयस तेही मला काय पटंना. 2019 ला तुमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं, 2021 ला परत, मान्य. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी गाठली की आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. पण भिंत वाळायचा ढोबळ हिशेब इंचाला महिना असा धरतात, तुमची भिंत दीड फुटी, म्हणजे दीड वर्ष, धर दोन. त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले आणि तरी भर मे महिन्यात हात लावला की गार लागते म्हणतोस, म्हणजे तिला आजही कुठनं तरी पाणी मिळतंय. पुराचा खार राहतो भिंतीत हे खरंय, तो पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतो आणि डाग उमटतो, पण उन्हाळ्यात तो डाग फिका पडतो. तुझा पडत नाही.

आमच्या बुधवार पेठेतल्या घरात तीन डाग होते आणि तिघांची कारणं वेगळी निघाली. माडीवरचा कोपऱ्यातला सोपा, पन्हळीत पिंपळाचं रोप उगवलेलं आणि दोन कौलं सरकलेली, शाकारून घेतल्यावर विषय संपला. मोरीमागच्या डागाला मी घरातले सगळे नळ बंद करून मीटरपाशी जाऊन बसलो, काटा आपला हळूहळू फिरतोयच. भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजला होता, तो उघड्यावरनं नवीन टाकला.

माजघराचा मात्र नाद खुळा! जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत ओल, वरची कड जवळजवळ सरळ, आणि त्या कडेवर खाराचा पट्टा. अशी कड दिसली की पाणी खालनं चढतंय असं समजायचं. विटांच्या, चुन्याच्या बारीक छिद्रांतनं ते आपोआप वर ओढलं जातं, जुन्या घरात ते अडवायला मधे काही थर नसतोच, काळ्या दगडाचं जोतं उंच असायचं तेवढ्यावर भागायचं. आता रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत आमचं जोतं निम्मं पुरलं गेलंय, पावसाचं पाणी थेट भिंतीला टेकतं. त्यात आमच्या आधी राहणाऱ्यांनी आतनं सिमेंटचा गिलावा करून ठेवलेला. चुन्याच्या गिलाव्यातनं ओल बाहेर पडून वाळते, सिमेंटमधनं ती नीट निघत नाही, मग पाणी वाट शोधत आणखी वर जातं. तुझा पेंटर नेमकं हेच करणार आहे, फक्त डब्यातनं.

बोटानं ठोकून बघ, बद्द वाजलं तर गिलावा भिंतीपासनं सुटलाय. आमचा छिन्नी लावल्यावर फरशीएवढ्या तुकड्यांनी खाली आला, आणि मागची वीट अशी की नखानं खरवडली तरी ओला लाल भुगा हाताला लागायचा. ओलीच्या कडेच्या वर अजून फूटभर सिमेंट काढलं, खार कोरड्या ब्रशनं झाडला (पाण्यानं धुवायचा नाही हां, विरघळून परत आत जातो), बाहेरची माती जोत्याच्या खाली उतरवून गटारीकडं उतार दिला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. पाहुणे आले की ही भिंतीवर चादर टांगायची, हिची बोलणी मी खाल्ली ती वेगळीच. पुरती वाळल्यावर चुना, वाळू आणि सुर्खीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा, वरनं चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट अजिबात नाही. चुना म्हणल्यावर दोन गवंडी तर हसूनच गेले, तिसरा म्हातारा मिळाला, त्यानं काही न विचारता चुना भिजत घातला.

तर तू आत्ता एवढंच कर. भिंतीवर हातभर फॉइल लाव, चारी कडा टेपनं घट्ट बंद कर, दोन दिवसांनी बघ. थेंब फॉइलच्या आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतनं येतीय, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ, मग खिडकी उघडी ठेवायची नुसती. मीटरचं पण बघून घे. आणि बाहेर जाऊन जोतं किती दिसतंय त्याचा फोटो पाठव, पट्टी धरून. म्हाताऱ्याशी बोलून ठेवतो, पण तो दिवाळीआधी काय हाती लागत नाही, आणि पावसाळ्यात गिलावा करायचाही नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दिग्या