मुलं येण्याआधीचा अर्धा तास : महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया, सविनय नमस्कार.

मी ठाण्यात, वागळे इस्टेटजवळच्या वस्तीत अंगणवाडी चालवते. मानधनाचा विषय या पत्रात काढत नाही, तो आमची संघटना मांडते आहे आणि मांडत राहील. माझं मागणं एकच आहे. मुलं येण्याआधी खोली तयार करायला जो अर्धा तास लागतो, तो आमच्या कामाच्या वेळेत धरा, आणि तो आम्हाला खरोखर मिळेल अशी सोय करा.

शहरातल्या बऱ्याच अंगणवाड्यांना स्वतःची इमारत नाही. कुठे भाड्याची खोली, कुठे मंडळाचं कार्यालय, कुठे समाजमंदिर. आमचं केंद्र समाजमंदिरात भरतं. सकाळी ते आमचं असतं. दुपारनंतर तिथे बचत गटाची बैठक होते, साखरपुडे होतात, हळद लागते, रात्री पोरं कॅरम खेळतात. वस्तीत दुसरी मोठी खोलीच नाही, घराघरांत चार पाहुणे बसवायला जागा नाही, तेव्हा लोकांनी समाजमंदिर वापरू नये असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. पण रात्री हळद झालेल्या खोलीत सकाळी तीन वर्षांचं लेकरू मांडी घालून बसणार असतं. त्या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी ती खोली नीट बघायला हवी.

उभ्याने झाडू मारला की खोली स्वच्छ दिसते. म्हणून झाडून झालं की मी खाली बसते आणि मुलाच्या नजरेच्या उंचीवरून चारी कोपरे बघते. सतरंजीच्या घडीत अडकलेली टाचणी तेव्हा दिसते. फुटलेल्या हिरव्या बांगडीची काच, कपाटाखाली सरकलेलं बाटलीचं झाकण, भिंतीला लावलेल्या डेकोरेशनचे दोरे आणि पिना, फुटलेल्या फुग्याची चिंधी. फुग्याच्या त्या चिंधीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ती घशात गेली की घशाच्याच आकाराची होऊन चिकटून बसते आणि श्वास बंद करते. त्याखालोखाल लुकलुकणाऱ्या खेळण्यातून पडलेला गोल, चपटा सेल. चमकदार असल्यामुळे मूल तो हमखास उचलतं. गिळताना अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत ती आतून भाजून निघते, आणि आईला वाटत असतं की पोराला नुसता खोकला झालाय.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. मूल खेळातून आणि हाताने शिकतं, हे त्यात आहे, आणि ते मला मनापासून पटतं. चिंचोके मोजणारं मूल पाटीवर आकडे गिरवणाऱ्या मुलापेक्षा लवकर मोजायला शिकतं, हे मी रोज बघते. पण चिंचोके, मणी, बिया, खडे हे सगळं साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे लहान मुलाच्या घशात अडकेल असं असतं. वस्तीत मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून धाकटं भावंडही येतं. त्याचं नाव आमच्या वर्गाच्या हजेरीत नसतं, पण ते रांगत असतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. त्यामुळे चिंचोक्यांचा डबा कोणत्या फळीवर ठेवायचा, आज काढायचा की नाही, काढला तर परत मोजून कधी भरायचा, हे मुलं यायच्या आधी ठरवावं लागतं. मुलं आल्यावर ठरवायला सवड राहत नाही.

मग पाणी. कार्यक्रमानंतर संडासाच्या दाराशी अर्धी भरलेली बादली बहुतेक वेळा तशीच राहिलेली असते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकलं की तोल पुढे जातो, आणि दोन इंच पाण्यातही मूल बुडू शकतं. ओरडायचा आवाजसुद्धा होत नाही. सकाळी आधी बादल्या उपड्या करायच्या, पिंपाचं झाकण घट्ट आहे का बघायचं, संडासाची बाहेरची कडी लावायची. पिंप आठवड्यातून एकदा कोरडं करून घासायचं, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

फिनाईलबद्दल जरा सविस्तर लिहिते. वस्तीत फिनाईल सुट्टं मिळतं आणि ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून येतं. समाजमंदिर धुणारा माणूस ती बाटली खिडकीत ठेवून जातो. तहानलेल्या मुलाला ती बाटली ओळखीची असते. म्हणून रोज सकाळी खिडक्या आणि मोरी बघणं आलंच. फरशी कशाने पुसायची याचंही कुणी आम्हाला धड शिकवलेलं नाही. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकाच वेळी वापरलं की क्लोरीन वायू होतो, तो बंद खोलीत छातीत जातो, आणि लहान फुप्फुसांना फार लागतो. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग जंतुनाशक, मग साधं पाणी, मग खिडक्या उघडून फरशी वाळू द्यायची. इतका साधा क्रम आहे. पण वाळू द्यायची म्हणजे थांबायचं, आणि जुलैच्या दमट हवेत फरशी वाळायला किती वेळ लागतो हे ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. ओल्या फरशीवर सतरंजी टाकली तर मुलं त्या औषधावरच बसतात, आणि तेच हात खाऊला लागतात.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते. स्विचबोर्डाखाली ओघळ दिसला की मी मेन स्विच पाडते आणि पंख्याविना वर्ग घेते. खरं तर विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणारी ईएलसीबी प्रत्येक केंद्रात असायला हवी. मुलं बसतात ती खोली सेविकेच्या नजरेच्या भरवशावर राहू नये.

एवढं सगळं करायला हात किती? सेविका एक, मदतनीस एक. मदतनीसताईने खोली झाडायची, पाणी भरायचं, आणि त्याच वेळी वस्तीत फिरून मुलांना घेऊनही यायचं. जिथे मदतनीसचं पद रिकामं आहे, तिथे सगळं एकट्या सेविकेवर. इकडे आया दारात उभ्या असतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या, ऐरोली-वागळेच्या ऑफिसांत साफसफाईला जाणाऱ्या या बायका. त्यांना वेळेत पोचायचं असतं, उशीर झाला तर पगार कापला जातो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. ऑफिस झाडणाऱ्या कंत्राटी बाईचं मूल त्या पाळणाघरात मला अजून दिसलेलं नाही. ते आमच्याकडे येतं, आणि लवकर येतं. त्या आईला दारातून परत पाठवणं मला जमत नाही. मग ओल्या फरशीच्या कडेला मुलं उभी करून मी पुसत राहते, एक डोळा फरशीवर आणि एक मुलांवर. मुलाला लागतं ते याच वेळी.

केंद्र उघडलं, हजेरी किती, आहार दिला का, हे आम्ही पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर रोज भरतो. खोली बघितली का, हे विचारणारं रोज भरायचं काही माझ्या पाहण्यात नाही. आणि कृपा करून तो नवा रकाना वाढवू नका, ही हात जोडून विनंती. रकाना भरायलाही त्याच अर्ध्या तासातून वेळ जाईल.

२०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, ती सीसीटीव्हीमुळे उघडकीला आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या घटनेनंतर शाळांत कॅमेरे बसवायचे आदेश निघाले. दोन्ही वेळा आम्ही ठाणे-नवी मुंबईच्या बायका हादरलो होतो, आणि कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. तो घडून गेलेलं दाखवतो आणि वाईट माणसाला धाक राहतो. टाचणी, बादली आणि बाटली मात्र माणसालाच उचलावी लागते, आणि त्या माणसाला वेळ लागतो.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचा निकाल दिला. आमचं काम अर्धवेळ आहे हे म्हणणं मान्य करता येणार नाही, असं त्या निकालात आहे. तो लिहिणारे न्या. अभय ओक यांची वकिली आमच्या ठाण्याच्याच न्यायालयात सुरू झाली होती, म्हणून आम्हाला त्याचं जास्तच अप्रूप. सर्वोच्च न्यायालयाने जे काम पूर्णवेळ मानलं, त्याची वेळ पहिलं मूल दारात आल्यावर सुरू होते असं धरणं बरोबर नाही.

तर आपण एवढं करावं. नागरी बालविकास प्रकल्पांतल्या, म्हणजे शहरातल्या, केंद्रांसाठी तयारीचा अर्धा तास सेविका आणि मदतनीस दोघींच्या वेळेत धरल्याचा आदेश काढावा, आणि त्या अर्ध्या तासात मदतनीसला मुलं आणायला पाठवू नये. मदतनीसची रिकामी पदं आधी भरावीत, तीही वस्तीतल्या केंद्रांची. समाजमंदिरात अंगणवाडी भरते तिथे महापालिकेशी बोलून एक किल्ली सेविकेकडे राहील असं लेखी करून घ्यावं. आज किल्ली ज्याच्याकडे असते तो उठेल तेव्हा आमचा दिवस सुरू होतो. कार्यक्रम करणाऱ्यांनी रात्रीच खोली झाडून द्यावी, ही अट परवानगीच्या कागदावर यावी. सादिलच्या, म्हणजे केंद्राच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या, पैशांत कुलूप लागणारं एक छोटं कपाट, झाकणाचं पिंप आणि वर्षभराचा साबण बसेल एवढी वाढ करावी. हे पैसे आम्ही बहुतेक जणी स्वतःच्या पदरचे घालतो.

अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची ‘पाळणा’ योजना केंद्राने आणली आहे. ती आली तर सहा महिन्यांपासूनची बाळं आमच्याकडे दिवसभर असतील. त्या बाळांना जमीन हेच अंथरूण आणि तीच खेळायची जागा. तिथे हा अर्धा तास पुरणारसुद्धा नाही, म्हणून त्याची सवय आतापासून लागावी.

अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात त्या एकात्मिक बालविकास सेवेचं आयुक्तालय बेलापूरला रायगड भवनात आहे, तिथून ठाण्याची कुठलीही वस्ती तासाभरावर. आपण किंवा आयुक्तांनी एकदा न सांगता यावं, आणि सकाळी मुलं यायच्या आधी यावं. भेटी नेहमी खोली सजल्यावर होतात. पाऊस लागायच्या आत आलात तर भिंतीची ओल आणि स्विचबोर्ड मी दाखवीन, आणि दुरुस्तीचा जो अर्ज प्रकल्प कार्यालयात दिला आहे त्याची प्रतही हातात देईन.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका, ठाणे